पिपाणीची मतं आणि कांद्याचा भाव

साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२ हजार ७७१ मतांनी पडले. त्याच मतदारसंघात पिपाणीचं चिन्ह घेऊन उभ्या राहिलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. आता साताऱ्यात एवढे पिपाणीप्रेमी आहेत असं काही कुणी म्हणणार नाही. शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते, अपक्षाच्या चिन्हाचं चित्र पिपाणीचं पण मराठीत नाव तुतारीच, आणि घरातून निघालेल्या आजोबांना सांगून पाठवलेलं असतं की तुतारीचं बटण दाबा. त्यांनी दाबलं. दिंडोरीत तर अपक्षाचं आडनावसुद्धा पवारांच्या उमेदवाराशी जुळणारं होतं, तिथे लाखावर मतं अशी गेली. भास्कर भगरे त्यातूनही निवडून आले म्हणून त्याची बोंब कमी झाली एवढंच.

निकालाचे आकडे बघताना मला राजकारण कमी आणि एमएला असतानाचा एक पेपरच जास्त आठवत होता. पब्लिक चॉइस. म्हणजे लोकशाहीकडे बाजार म्हणून बघायचं, मतदार हा गिऱ्हाईक, पक्ष म्हणजे कंपन्या, जाहीरनामा हा माल, मत ही किंमत. तेव्हा वर्गात आम्हाला हे भारी वाटायचं, सगळं कसं दोन रेषांच्या आकृतीत बसतं. नंतर काही वर्षं मला ते अगदीच उथळ वाटायला लागलं. आता माझं मत असं झालंय की ही तुलना अर्धी खरी आहे, आणि कुठली अर्धी ते नीट बघितलं तर मजा येते. दुकानदाराबद्दल हे लोक जे सांगतात ते जवळपास सगळं पटतं. गिऱ्हाइकाबद्दल सांगायला लागले की गाडी रुळावरून घसरते.

आधी दुकानदार.

अँथनी डाऊन्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९५७ मध्ये, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असताना, मांडलेली गोष्ट साधी होती. एका मतानं निकाल बदलायची शक्यता जवळजवळ शून्य. मग त्या एका मतासाठी प्रत्येक पक्षाचं शेतीधोरण, करधोरण, परराष्ट्रधोरण वाचत बसणं हा तोट्याचा धंदा. शहाणा माणूस ते वाचत नाही. म्हणजे मतदार अडाणी असतो तो आळसामुळे नाही, हिशोब करून. मग तो शॉर्टकट घेतो, पक्षाचं नाव बघतो, चिन्ह बघतो, की यांचं साधारण काय असतं ते आपल्याला माहितीये. साबणाच्या वडीवर छाप असतो तसं. आपल्याकडे तर हे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून उघड आहे, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटीच वेगळी असायची आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असायचं, कारण बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं.

म्हणून तर शिवसेना फुटली तेव्हा भांडण धनुष्यबाणासाठी झालं आणि राष्ट्रवादी फुटली तेव्हा घड्याळासाठी. आयोगानं धनुष्यबाण फेब्रुवारी २०२३ मध्ये एकनाथ शिंद्यांना दिला, घड्याळ फेब्रुवारी २०२४ मध्ये अजित पवारांना, आणि दोन्ही वेळी मुख्य निकष काय तर आमदार-खासदार कुणाकडे जास्त. मला यातली गंमत अशी वाटते की छाप लोकांच्या मनात असतो, वर्षानुवर्षं कार्यकर्त्यांनी भिंती रंगवून तो तिथे बसवलेला असतो, पण त्याची मालकी ठरवताना मोजले जातात ते मॅनेजर. असो. ते कोर्टात गेलं आणि माझा प्रांत नाही.

डाऊन्सच्याही आधी हॅरॉल्ड हॉटेलिंग होता. १९२९ चा त्याचा लेख खरं तर दुकानांबद्दल आहे, एका सरळ रस्त्यावर दोन दुकानं टाकायची तर ती सरकत सरकत मध्यावर एकमेकांना खेटून का येतात याबद्दल. पण लिहिता लिहिता तो म्हणून जातो की रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांचंही असंच होतं, आणि मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन चर्चही उगाच एकसारखे झालेत, आणि सफरचंदाचं सायडरसुद्धा सगळीकडे एकाच चवीचं मिळतं. (सायडरचं दुःख त्याला बहुतेक खरंच होतं.) हे वाचून नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा आठवा. महायुतीनं जुलैपासून लाडक्या बहिणींना महिना १५०० सुरू केलेच होते, प्रचारात म्हणाले २१०० करू. महाविकास आघाडीनं आधी योजनेवर टीका केली आणि मग महालक्ष्मी नावानं महिना ३००० जाहीर केले. शेतकरी कर्जमाफी इकडेही, तिकडेही. दोन्ही दुकानं खेटून, माल तोच, फक्त पाटीचा रंग वेगळा.

जोसेफ शुम्पीटरनं तर १९४२ मध्ये आडपडदाच ठेवला नव्हता. हा माणूस १९१९ मध्ये काही महिने ऑस्ट्रियाचा अर्थमंत्री होता, म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन आलेला. त्याचं म्हणणं, लोकशाही म्हणजे लोकांची इच्छा वगैरे काही नाही, मतांसाठी पुढाऱ्यांची स्पर्धा म्हणजे लोकशाही. व्यापारी नफ्यासाठी धंदा करतो, त्यातून आपल्याला बूट मिळतात. पुढारी मतांसाठी धंदा करतो, त्यातून आपल्याला कायदे मिळतात. बूट हा बायप्रॉडक्ट, कायदा हाही बायप्रॉडक्ट. ऐकायला कडू आहे, पण विधानसभेचं अधिवेशन गॅलरीतून एकदा बघून आलेल्या माणसाला यात फार धक्का बसण्यासारखं काही नाही.

आणि आता माझा आवडता, मॅन्सर ऑल्सन, १९६५. तो सांगतो की धोरणं थोड्यांच्या बाजूनं झुकतात, जास्त लोकांच्या बाजूनं नाही. कारण दहा कारखानदारांना प्रत्येकी कोटीचा फायदा असेल तर ते एकत्र येतात, वकील लावतात, दिल्लीला चकरा मारतात. त्याची किंमत दहा कोटी लोकांवर एकेक रुपया पडली तर त्या एका रुपयासाठी कोण मोर्चा काढणार? थिअरी म्हणून झकास. पण मग नगर आणि नाशिक जिल्हे शेजारी शेजारी ठेवून बघा.

ऊस बघा. उसाला एफआरपी आहे, म्हणजे केंद्रानं ठरवून दिलेला किमान भाव, कारखान्यानं चौदा दिवसात पैसे द्यायचे असा नियम आहे (पाळतात का हा वेगळा विषय, त्यासाठी दर वर्षी आंदोलन होतं). साखरेला केंद्रानं २०१८ मध्ये किमान विक्री दर बांधून दिला, २९ रुपये किलो, २०१९ मध्ये तो ३१ केला. म्हणजे याच्या खाली साखर विकायची नाही, असा सरकारी हुकूम. ऊस राज्याच्या शेतजमिनीच्या लहानशा तुकड्यावर असतो आणि सिंचनाचं पाणी मात्र भरमसाट पितो, तेही चालतं.

आता कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. डिसेंबरमध्ये निर्यात पूर्ण बंद. ती उठली ४ मे २०२४ ला, ऐन निवडणुकीत, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाला दोनेक आठवडे राहिले होते तेव्हा, आणि तेव्हाही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच, म्हणजे माल बाहेर कमी जावा आणि इथला भाव खाली राहावा. म्हणजे साखरेला सरकार सांगतं याच्या खाली जायचं नाही आणि कांद्याला तेव्हा सांगत होतं की याच्या वर जायचं नाही. ऑल्सनच्या हिशोबानं हे उलटं व्हायला हवं होतं, निदान दोघांना सारखं. कांदा खाणारे अख्ख्या देशात, प्रत्येकाचा तोटा आठवड्याला पाच-पन्नास रुपये. पिकवणारे तुलनेनं थोडे, एका पट्ट्यात, आणि त्यांचं वर्षच्या वर्ष बुडतं. तरी जिंकतं कोण? खाणारा.

माझा मामेभाऊ निफाड तालुक्यात कांदा करतो. त्याला मी एकदा ही ऑल्सनची थिअरी चहा पिताना समजावून सांगितली, म्हणजे प्रयत्न केला. तो म्हणाला, “आमचा चेअरमन कुठाय?” आणि विषय संपला, कारण उत्तर तेच होतं. ऊस तोडला की लगेच गाळपाला गेला पाहिजे नाहीतर साखरेचा उतारा पडतो, म्हणून शेतकरी कारखान्याला बांधलेला आणि कारखाना शेतकऱ्याला. सभासद असलं की उसाची नोंद लागते, दिवाळीला सवलतीची साखर मिळते. ऑल्सननं लिहिलंय की मोठा गट आपोआप एकत्र येत नाही, त्याला बांधून ठेवायला फक्त सभासदालाच मिळेल असं काहीतरी लागतं. ही दिवाळीची साखर म्हणजे अगदी ते. लोणीला विठ्ठलराव विख्यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला तेव्हा पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ, आणि १९५० च्या सुमाराला त्यांच्या डोक्यात आमदार तयार करायचा कारखाना नक्कीच नसणार. पण पुढे चेअरमन आमदार झाले, आमदार मंत्री झाले. कांद्यावाला मात्र एकेकटा, ट्रॅक्टर भरून लासलगावला जातो, लिलाव होतो, पट्टी घेऊन घरी येतो. त्याला सभासद करून घेणारं कुणी नाही.

शिवाय दुसरी बाजू. साखरेसाठी आपण जे भरतो ते पाण्यातून, बजेटमधून, इथेनॉलच्या धोरणातून, कुठून कुठून जातं, दिसत नाही. कांद्याचा भाव टीव्हीवर दिसतो. १९८० च्या लोकसभेच्या प्रचारात कांदा होता, १९९८ ला दिल्ली राज्यातलं भाजपचं सरकार निवडणुकीत हरलं त्याचं खापर कांद्यावर फुटलं, त्यामुळे दिल्लीत बसलेल्या कुठल्याही पक्षाला कांदा ऐंशीवर गेला की घाम फुटतो. इथे बाजाराची तुलना मला मनापासून मान्य आहे. कोण संघटित, कोणाचा खर्च दिसतो, कोणाचा लपतो, एवढे तीन प्रश्न विचारले की अर्धं राजकारण उलगडतं. ॲन क्रूगरनं १९७४ मध्ये आपल्या लायसन्स-परमिटच्या धंद्याचा हिशोब मांडला होता, १९६४ साली भारतात अशा सरकारी परवानग्यांमधून मिळणारा मलिदा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होता असा तिचा अंदाज. मलिदा हा शब्द माझा.

आता गिऱ्हाईक. मत ही जर किंमत असेल तर ती थेट रोखीत का नाही विकत घेता येत? घेतात की, म्हणाल. लक्ष्मीदर्शन काय असतं हे मी इथे समजावून सांगायची गरज नाही, मतदानाच्या आदल्या रात्री सोसायटीच्या चेअरमनकडे पाकिटं आली की नाही याची चौकशी पांढरपेशे लोकही हळू आवाजात करतात. पण हा व्यवहार विचित्र आहे. पैसे घेतलेला माणूस आत पडद्यामागे काय करतो ते देणाऱ्याला कधीच कळत नाही. दोन्हीकडून घेऊन तिसऱ्याला मत देणारे लोक आमच्याच गल्लीत आहेत आणि त्यांना त्यात काही पाप वाटत नाही, उलट अभिमान आहे. सिमॉन शोशार या राज्यशास्त्रज्ञानं मुंबईतल्या निवडणुकांमध्ये या वाटपाचा अभ्यास केला, आणि त्याला दिसलं ते साधारण असं की उमेदवारांनाही माहीत असतं यानं मत मिळेलच असं नाही, मधले लोक किती खातात तेही माहीत असतं, तरी वाटतात, कारण समोरचा वाटतोय. न वाटणारा डोळ्यावर येतो. याला खरेदी कसं म्हणायचं? रसीद नाही, डिलिव्हरी नाही, तक्रार करायची सोय नाही.

मत खरंच विकलं जायचं असेल तर आधी ते दिसलं पाहिजे. विधान परिषदेला आमदारांचं मतदान गुप्त असतं, आणि २० जून २०२२ ला परिषदेच्या निवडणुकीत मतं फुटली, त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेच्या रस्त्याला लागले. राज्यसभेला २००३ पासून उघड मतदान आहे, आमदारानं आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. म्हणजे आमदाराच्या मताला दाम येतो हे कायदा करणाऱ्यांना नीट कळलेलं होतं, त्यांनी फक्त बघायचा हक्क पक्षाला दिला. आपल्या मताला मात्र पडदा आहे आणि म्हणून त्याचा बाजार कायम कच्चा राहतो. माझ्या मते लोकशाहीत शोधलेली सगळ्यात हुशार वस्तू तो पुठ्ठ्याचा आडोसा आहे.

दुसरं असं की दुकानात मी जे घेतो ते मला मिळतं. जेम्स बुकॅनन, ज्याला पुढे १९८६ मध्ये याच विषयासाठी नोबेल मिळालं, त्यानं १९५४ मध्येच एका लेखात बाजार आणि मतदान यातले फरक नीट मांडून ठेवलेत. बाजारात माझे दहा रुपये कधी हरत नाहीत, शेजाऱ्यानं काहीही घेतलं तरी मला माझं मिळतं. मतदानात माझं मत हरलं की गेलं, वर शेजाऱ्यानं निवडलेला माल मलाच पाच वर्षं वापरायचा. तुलनेच्या मुळाशी बसलेल्या माणसानंच हे आधी सांगून ठेवलंय, पण त्याचे चाहते ते पान पटकन उलटतात. आणि महाराष्ट्रात तर जिंकलेल्या मताचीही खात्री नाही. २०१९ ला लोकांनी युतीला मत दिलं, मग पहाटेचा शपथविधी आणि ऐंशी तासांचं सरकार, मग उद्धव ठाकरे काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर, मग २०२२ ला शिंदे भाजपबरोबर, मग २०२३ ला अजित पवार त्यांच्यात. एका खरेदीवर चार वेगवेगळे डबे घरी आले. ग्राहक मंचात अर्ज कुठे करायचा?

तिसरं, सगळ्यात अडचणीचं, म्हणजे लोक मत द्यायला जातातच का. डाऊन्सचं गणित खरं असेल तर कुणीच जायला नको, उन्हात रांगेत उभं राहायचा खर्च आहे आणि फायदा शून्याच्या जवळ. हे पब्लिक चॉइसवाल्यांनाही खटकलं. १९६८ मध्ये रायकर आणि ऑर्डशुक या दोघांनी समीकरणात एक जास्तीचं अक्षर घातलं, डी, म्हणजे ड्युटी, कर्तव्याचं समाधान. गणित जुळलं! मला हा प्रकार परीक्षेत उत्तर आधी लिहून मग पायऱ्या भरणाऱ्या मुलासारखा वाटतो. कारण मग प्रश्न उरतो की हे समाधान कुणाला जास्त मिळतं. २०२४ च्या विधानसभेला कुलाब्यात मतदान ४४-४५ टक्क्यांच्या आसपास, आणि कोल्हापूर जिल्ह्यात पंचाहत्तरच्या वर. कुलाब्यात बूथ काय लांब असतात? ज्याच्याकडे पैसे आहेत तो खाजगी शाळा, खाजगी दवाखाना, टँकर, जनरेटर असं सगळं खऱ्या बाजारातून घेतो, त्याला या दुसऱ्या बाजाराची गरज कमी, हे एक उत्तर झालं. पण ते पुरत नाही. आमच्या कामवाल्या मावशी मतदानाच्या दिवशी सुट्टी घेऊन एसटीनं गावाला जातात, नाव तिकडचं आहे म्हणून. दिवसाचा खाडा, जाण्यायेण्याचा खर्च, आणि लाडकी बहीण तर मत दिलं न दिलं तरी खात्यात येतच होती. मी विचारलं कशाला एवढं, तर माझ्याकडे असं बघितलं की याला काही कळतं की नाही. “न्हाई गेलं तर नाव उडवतील,” म्हणाल्या. यादीतलं नाव. आपण आहोत याचा तो कागद आहे, आणि त्याची किंमत डी मध्ये बसवायची तर बसवा.

आणि गिऱ्हाईक रुसला तर दुसरं दुकान उघडतं, हेही इथे होत नाही. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक. आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट. कुठल्याही बाजारात चार वर्षं शटर खाली राहिलं असतं तर फुटपाथवर हातगाड्या लागल्या असत्या. इथे आम्ही खड्ड्याचे फोटो काढून ट्विटरवर टाकत बसलो.

तर मामेभाऊ. लोकसभेला त्याच्या पट्ट्यानं कांद्याचा राग काढला, नाशिक आणि दिंडोरी दोन्ही जागा महायुतीच्या गेल्या, केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. सप्टेंबरमध्ये किमान निर्यात दर काढला, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. नोव्हेंबरमध्ये त्याच नाशिक जिल्ह्यात पंधरापैकी चौदा जागा महायुतीला. सहा महिन्यात. माझ्यातला एमएवाला खूश झाला, बघा, किंमत बदलली, मागणी बदलली. फोन करून त्याला विचारलं, शुल्क कमी केलं म्हणून का रे? म्हणाला, शुल्क कमी झालं तेव्हा आमचा उन्हाळ कांदा विकून झाला होता, त्यातलं आम्हाला काय मिळालं? मग वहिनीचे पंधराशे? ते तिचे आहेत, म्हणाला, तिनं कुणाला दिलं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मग तू का? तर लोकसभेला दिल्लीला सांगायचं होतं ते सांगितलं, आता वावरातला ट्रान्सफॉर्मर जळाला की रात्री अकराला फोन उचलणारा माणूस पाहिजे, आणि तो कुठल्या चिन्हावर आहे ते चिन्ह बघून बटण दाबलं. आणि हो, या वेळी चष्मा घेऊन गेलो होतो, म्हणाला.